क्रेटमधले ग्लोव्हज

भांडी घासायला नवे रबरी ग्लोव्हज आणले आणि त्या वासाने मला थेट रबाळ्याच्या कारखान्यात नेऊन उभं केलं. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं पाहणीला आली, म्हणून त्या दिवशी आम्हा कंत्राटी बायकांनाही ग्लोव्हज मिळाले होते. एरवी ॲसिडने सुटे भाग धुवायचे ते उघड्या हातांनी. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली तसा सुपरवायझर क्रेट घेऊन ग्लोव्हज गोळा करत आला. आमच्यातल्या मावशी हात काखेत दडवून म्हणाल्या, “उद्या ॲसिड काय सुट्टीवर हाय का?” तो म्हणाला, “मावशी, टेन्शन देऊ नका. खर्च वाढला की ऑर्डर दुसऱ्या देशात जाते, मग बसा घरी.” माझी बोटं ग्लोव्हजमध्ये नुसती चुळबुळत होती. “कंत्राटी आमच्या युनियनमध्ये बसत नाहीत,” असं कायम सांगणारा पर्मनंट कामगारांच्या युनियनचा सेक्रेटरी शेजारच्या लाइनवर होता. त्याने येऊन स्वतःचे ग्लोव्हज क्रेटमध्ये टाकले. “मग आमचेपण घ्या. लाइन उद्या तुमीच चालवा.” त्याच्यामागे बाकीचे पर्मनंट कामगार आपापले ग्लोव्हज काढून रांगेत उभे राहिले. सुपरवायझर क्रेट तिथेच सोडून निघून गेला. आता हे ग्लोव्हज माझे स्वतःचे आहेत, तरी भांडी घासताना माझं लक्ष सारखं दाराकडे जातं.