कमी खाणारा बोर्ड

जगातल्या प्रत्येक वस्तूची पारख तिच्या भुकेवरून करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक निघाला. पंखा असो, मोटारसायकल असो, नाही तर दारात उभा राहिलेला भाडेकरू असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "खाते किती?" मी कऱ्हाडकडचा. वायरिंगच्या एका ठेकेदारामागं बल्लारपूरला आलो. काम संपलं, ठेकेदार गेला, मी राहिलो. खोली मागायला गेलो तेव्हा घरमालक आपल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात भिंगातून काहीतरी बघत होते. वर न बघताच म्हणाले, "बोर्ड जमते का तुले?" मी खाली मान घालून खरं ते सांगितलं, की बोर्डापर्यंत पोचलोच नाही, आठवीत शाळा सोडली. "दहावीचा नाई म्हणत, हा म्हणून राह्यलो," असं म्हणत त्यांनी काडेपेटीएवढी हिरवी पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "पूरा कॉम्प्युटर आहे याच्यात. इथी कोणी नापास करत नाई." त्या वाक्याच्या आधारावर मी सहा वर्षं त्यांच्याकडं आहे, आणि सहा वर्षं मला रोज वाटतं, आज नापास होणार.

मुलीसाठी स्थळ बघताना कोणी इतकं हिंडणार नाही, इतकं घरमालक एका बोर्डासाठी हिंडत. नागपूरहून स्वस्तातले पाच-सहा बोर्ड आणायचे आणि मग त्यांचा छळ मांडायचा. एकदा मे महिन्यात सगळे बोर्ड पोह्याच्या डब्यात घालून दुपारभर टिनाच्या छपरावर ठेवले. चंद्रपूरकडच्या उन्हात माणसं विरघळतात, तिथं बोर्डाची काय कथा. खाली आणल्यावर प्रत्येकाला गाल लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी घराचा मेन स्विच चाळीस वेळा पाडला, कारण लाईट गेल्यावर कोण रुसतं ते बघायचं होतं. बोर्डांपैकी दोन रुसले, आणि मिक्सरमध्ये अर्धी चटणी अडकल्यामुळे घरमालकीण काकूही रुसल्या. "कमी खाणारा, न तापणारा, न रुसणारा पाहिजे म्हणता," काकू म्हणाल्या, "अन् सोता काऊन असे नाई?" घरमालकांनी ते मनावर घेऊन त्या दिवशी तिसरी पोळी नाकारली. चौथी मागून घेतली.

अशात भामरागडच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर दुकानात आल्या. पावसाळ्यात त्यांचा रस्ता बंद होतो. आदल्या वर्षी लाईट गेली, सिस्टर गावोगाव फिरत होत्या, आणि फ्रिजमधली सगळी लस गेली. रस्ता उघडेपर्यंत लेकरं बिनालसीची राहिली. "भाऊ, फ्रिज गरम झाला का मोबाईलवर कळलं पाहिजे. पण मोठं मशीन नोको, तितली ऐपत नाई." मी लगेच मोठा, मेमरी कार्डाचा बोर्ड सुचवला; मला वाटलं, मोठा म्हणजे भरवशाचा. घरमालक म्हणाले, "चिमणी हाकलायले बैल काऊन जुंपून राह्यला बे? लाईट गेली का त्याचं कार्ड बिघडते. आपल्याले असा पाहिजे, जो सेलवर चालते, दर दहा मिनिटांनी उठते, ताप पाहते, अन् झोपते."

पण असा कोणता, हे काही ठरेना. जून लागला, ढग यायला लागले, आणि हे अजून बोर्डांना गाल लावतायत. शेवटी सगळ्यात स्वस्त, कोपरा उडालेला एक पसंत पडला. आठ अंशांवर लस जाते, म्हणून सातला मेसेज जायचा. मेसेज मी लिहिला: "शीतकपाटाचे तापमान मर्यादेबाहेर जात आहे." घरमालकांनी तो वाचला. "सिस्टर हे वाचेपर्यंत लस उकळेल," म्हणाले आणि स्वतः लिहिलं: "सिस्टर, मले ताप आला. लवकर या."

बसवायला मी गेलो. नदी चढत होती, परतीची बस चुकली तर अडकणार या भीतीनं मी तारा जोडल्या, सिस्टरांना घाईघाईत दोन गोष्टी सांगितल्या आणि पळालो. तिसरी राहिली. बोर्डातल्या सिमचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये नावानं टाकायचा राहिला.

रस्ता बंद झाल्यावर एका दुपारी तो मेसेज आमच्याही मोबाईलवर आला. घरमालक खूश. "बोलला," म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा आला. मग पुन्हा. त्यांनी सिस्टरांना फोन लावला.

"भाऊ, मंग बोलते," सिस्टरांना धाप लागली होती. "कोणाले तरी ताप आला, मेसेजवर मेसेज येऊन राह्यले. नाव नाई टाकलं. सात घरं पाहिली, पेशंटच सापडून नाई राह्यला."

मलेरियाचा मुलूख. तिथं ताप म्हटलं की सिस्टर धावणारच. तो न टाकलेला नंबर मला आत्ता आठवला.

"सिस्टर," घरमालक हळू बोलले, "पेशंट तुमच्याच खोलीत आहे. तो फ्रिज व्हय."

पलीकडून नुसता पळण्याचा आवाज आला. घरमालक फोन कानाला लावून उभेच. मग सिस्टरांचा आवाज: "साडेसात आहे. लस बर्फाच्या पेटीत टाकली. वाचली, भाऊ."

घरमालकांनी फोन खिशात ठेवायचा प्रयत्न केला. दोनदा खिसा चुकला. मी सांगितलं, नंबर टाकायचा माझ्याकडून राहिला. खोली खाली करायला सांगतील असं मला वाटलं. "मीनं तरी कुठी आठवण देल्ती तुले," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

पाणी उतरल्यावर कंबर दुखत असतानाही ते माझ्याबरोबर उपकेंद्रात आले. आता तरी मेसेज बदलू, मी म्हणालो. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या. मशीनचा मेसेज मी जेवून पाहीन. तापाच्या मेसेजवर उठतो आमी." मी नंबर नावानं टाकला, दोनदा तपासला.

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतका बोलका माणूस, डोकं किती हलकं. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. घर सोडल्यापासून असं बिनधास्त कोणी माझ्यावर टेकलं नव्हतं. आलापल्ली येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.