कमरेची नागीण

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही लागली तर माफ करावं.

दिवाळीनंतर कापूस वेचताना उजव्या कमरेत आग सुरू झाली. दोन दिवसांनी पाठीवर पाण्याच्या फोडांची ओळ उठली. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं आणि ती मागं सरली. "नागीण हाय. तोंडाला शेपटी लागली की माणूस राहत न्हाई. गेरू लाव, वाट अडव."

घरी आमच्या मालकांना सांगायचा धीर झाला नाही. गेरूची रेघ ओढली. सकाळी उठून उरलेली कोरी कंबर दोऱ्यानं मोजायची. तीन वीत. मग अडीच. फोड पोटाकडे आले तेव्हा दोन.

थोरल्या जाऊबाईंनी दोरा पाहिला. "मोजून मरतीस व्हय? चल गंगाखेडला." दवाखान्याचे, गोळ्यांचे अठराशे रुपये त्यांनीच घातले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी कांजण्या आल्या होत्या?"

आल्या होत्या, सात वर्षांची असताना. घरात फोडणी बंद, अंगाखाली लिंबाचा पाला. बरी झाल्यावर आई दहीभात घेऊन देवीला वेशीपर्यंत पोचवून आली होती.

"त्या कांजण्यांचे विषाणू सगळे गेलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "मणक्याजवळ नसेत लपले. अंगातले राखणदार प्रत्येक पेशीच्या दारावरून फिरतात. आत जे शिजतं त्याचा तुकडा दाराला लावलेला असतो, त्यावरून ते चोर ओळखतात. यांनी आत चूलच पेटवली नाही. मग दारावर दिसणार काय? वय झालं, राखणदार थकले, की हे उठतात."

"अन् तोंड-शेपटी?"

"मिळत नाही. ती एका बाजूच्या नसेनंच चालते."

"झाली तुझी मोजणी," जाऊबाई हसायला लागल्या.

मला हसू आलं नाही. मरणार नव्हते, ते कळलं. पण माझं लग्न झालं, तीन लेकरं झाली, आणि एवढी वर्षं ते माझ्या पाठीत गप्प पडून होते. माझंच रक्त शेजारून वाहत होतं, त्याला पत्ता नव्हता.

"गोळ्यांनी जातील ना?" मी हळूच विचारलं.

"फोड जातील. ते परत निजतील."

खपल्या धरल्या, पडल्या. भर दुपारी रानात एकटी असले की हात आपोआप पाठीकडे जातो. बोटांना काहीच लागत नाही. तरी मी थोडा वेळ तशीच उभी राहते, कुणी हलतंय का बघत.

वेचणीच्या मजुरीतून जाऊबाईंना थोडे थोडे देत गेले. संक्रांतीच्या आधी शेवटचे तीनशे दिले. त्यांनी ते कनवटीला खोचले.