भुलीतला उखाणा

शेवटच्या वर्षाला आम्हाला काही आठवडे कॉलेजबाहेरच्या दवाखान्यात काम शिकायची मुभा होती. जागा ज्याची त्यानं निवडायची. वर्गातल्या बहुतेकांनी मुंबई धरली. मी तळेगाव मागितलं, आणि तेही भूल द्यायला शिकण्यासाठी, तेव्हा चांगलाच हशा पिकला. घरी वडील म्हणाले, "एवढं शिकून शेवटी लोकांना भूल घालणार होय?" आईला तर रडूच यायचं बाकी होतं. बाळंतपणं करणारी डॉक्टरीण तिला समजत होती. रोग्याच्या उशाशी बाटली घेऊन बसणारी तिच्या डोक्यात बसेना.

मला मात्र तेच हवं होतं. सर्जन पोटाकडे बघतो, भूल देणारा चेहऱ्याकडे. मला चेहरे बघायला आवडतात, त्याला काय करणार? शिवाय मुंबईच्या थिएटरात विद्यार्थ्यानं मागच्या रांगेत टाचा उंचावून उभं राहायचं. तळेगावात हाताला काम मिळेल, असा माझा अंदाज होता, आणि तो खरा निघाला.

दवाखाना लहान होता. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना आला होता, पण तिथून पुढे गाडी निघाली की नुसती शेतं आणि बाभळी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तापट स्वभावाचे. भूल देणारे म्हातारे डॉक्टर शांत, त्यांना सगळे काका म्हणत. जाळीच्या मुखवट्यावर ईथर थेंब थेंब कसं सोडायचं, श्वासाचा आवाज कसा ऐकायचा, हे काकांनी मला हात धरून शिकवलं.

दुसऱ्याच आठवड्यात चाकणकडच्या एका खेड्यातून बैलगाडीत घालून एका बाईला आणलं. पस्तिशीच्या आसपासची, कांदे-बटाट्याच्या शेतात राबलेली. पोटात भला मोठा गोळा. तो पिळवटला तर जीव जाईल, लगेच काढायला हवा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नवरा म्हणाला, "काढा सायेब." बाई म्हणाली, "आज नगं, आवस हाय." दुसऱ्या दिवशी टेबलापर्यंत आली आणि परत फिरली. काय तर म्हणे पहाटे म्हशीचं सपान पडलं. डॉक्टर भडकले. "उद्या नाही म्हणालीस तर गाडी जुंपून घरी जा!" एवढं बोलून ते निघून गेले. मला त्यांचा असा राग आला! आजाऱ्यावर ओरडून कुणाचं पोट बरं झालंय?

संध्याकाळी मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. बराच वेळ तिनं म्हशीचंच लावून धरलं. शेवटी नवरा पाणी आणायला गेला, तशी ती माझ्या कानाशी आली.

"डाक्टरीणबाई, त्या औषदानं माणूस पोटातलं समदं बोलतंय, व्हय ना?"

"कधी कधी बडबडतं. पण त्याचं काय?"

"मंग माझ्या तोंडातनं कारभाऱ्यांचं नाव गेलं तर? लगीन झाल्यापासनं म्या एकडाव बी घेतलं न्हाई. नाव घेतलं की धन्याचं आयुक्ष घटतंय."

हसू आलं असतं, पण तिचे डोळे पाहून आलं नाही. ही बाई स्वतःच्या जिवाला भीत नव्हती, नवऱ्याच्या जिवाला भीत होती. मी म्हटलं, "अहो ताई, तुमच्या कागदावर त्यांचं नाव लिहिलेलंच आहे की."

"लिवलेलं येगळं. तोंडानं घेतलेलं येगळं."

यावर आमच्या वैद्यकाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. पण आमच्या आईनं हळदीकुंकवात ते शंभरदा दिलं होतं. मी म्हटलं, "उखाण्यात घेतलं तर?"

"उखान्यात चालतंय," ती म्हणाली.

"मग झालं तर! इतरांना आम्ही आकडे मोजायला लावतो. तुम्ही उखाणा घ्या. त्यात नाव आलं तरी ते रीतीचंच. आणि तुमच्या तोंडाशी मीच असेन."

काकांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले, आणि मग म्हणाले, "बाटली तू धर. नाडी मी धरतो."

सकाळी ती आपल्या पायांनी चालत टेबलाशी आली. मी मुखवटा ठेवला, थेंब सोडू लागले. डॉक्टर हात धुऊन ताटकळत उभे, आणि आमच्या बाईंचा उखाणा चालू झाला: "चाकनच्या बाजारात... कांद्याची रास..." जीभ जड होत चालली. "नाव घेते... डाक्टरीणबाईंसाठी खास..." नावाच्या जागी येऊन ती थांबली. मग अगदी बारीक, पोरीच्या आवाजात एक नाव आलं. ते नवऱ्याचं नव्हतं, कुठल्याशा मुलीचं होतं. मला वाटलं, हिच्या लेकीचं असेल.

गोळा निघाला. डॉक्टर खूश झाले. पण बाई उठेना. श्वास ठीक, नाडी ठीक, डोळे मात्र मिटलेले. मी कागदावरच्या तिच्या नावानं हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. काहीच नाही. काकांच्याही कपाळाला आठी पडली. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, मी वाकून ते उखाण्यातलं नाव घेतलं.

"ओ," ती म्हणाली. "आले गं आये."

आणि तिनं डोळे उघडले.

भानावर आल्यावर पहिला प्रश्न तोच. "घेतलं का म्या नाव?"

"त्यांचं नाही घेतलं." मी तिला जे ऐकलं ते सांगितलं. "मुलगी का तुमची?"

ती छताकडे बघत म्हणाली, "माजंच हाय. म्हायेरचं. लग्नात बदललं. आई गेल्यापासनं कुनी हाक मारली न्हाई."

तिनं चाचपडत माझा हात धरला. "आनखी येकडाव मारा की."

मी मारली. तिनं "ओ" दिली. ती टाके काढून घरी जाईपर्यंत मी येता-जाता तिला त्याच नावानं हाक मारत राहिले, आणि दर वेळी, दुखत असलं तरी, ती "ओ" द्यायची.