निरोप एक, मामा एकशे बारा

माझ्या भाचीला तिच्या लग्नात एकशे बारा मामा होते. त्यांतले खरे दोन. उरलेले मी तयार केले.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि लग्नात दोन्हीकडच्या जेवढ्या म्हणून रीती आहेत तेवढ्या सगळ्या! (एकही सोडायची नाही, कुणीतरी रुसतं.) इकडची एक रीत अशी, की हार घालायच्या वेळी मामाने नवरीला उचलून घ्यायचं. हा मान थोरल्या मामाचा, म्हणजे आमच्या अण्णाचा. पण अण्णा नऊ वर्षं अक्काशी, म्हणजे आमच्या बहिणीशी, नवरीच्या आईशी, बोलत नव्हता. घरातल्या एका मुंजीच्या, अक्काने छापून घेतलेल्या पत्रिकेत त्याचं नाव माझ्या नावाखाली छापलं गेलं, एवढंच निमित्त! राहतो तिरुविडैमरुदूरला, बसने जेमतेम अर्धा तास. पण तो आला नाही आणि अक्काने बोलावलं नाही.

लेकीचं, जान्हवीचं, लग्न ठरलं तेव्हा अक्का मला म्हणाली, "त्यासही निरोप धाड. मी बोलणार नाही. पण तो यावा." आणि पदराने डोळे पुसले. तिचा जीव भावासाठी किती तुटत होता, ते मला दिसत होतं.

छापील पत्रिकांचा मी धसकाच घेतला होता. म्हणालो, "अक्का, मी संगणकवाला! ज्याचा त्यास निरोप आपोआप जाईल ऐसा प्रोग्राम लिहितो." मग 'पाहुणा' नावाचा क्लास, म्हणजे एक साचा, लिहिला. त्यातून प्रत्येक पाहुण्याचा एक ऑब्जेक्ट, नाव वेगळं, काम वेगळं. काकूंनी ओटी भरायची, आचाऱ्याने पहाटे चूल पेटवायची. अण्णा काही येत नाही, असं धरून त्याच्यापुढे नुसतं 'जेवायला यावे' लिहिलं आणि नवरीला उचलायचा मान स्वतःकडे घेतला. यादीत पहिलं नावही माझंच! बटण दाबलं आणि कॉफी प्यायला बसलो.

पहिला फोन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकूंचा.

"अरे, 'आपण नवरीचे मामा, आपणच तीस उचलावें, आपल्यावाचून हार पडणार नाहीत' म्हणोन आलें आहे! माझे दोन्ही गुडघे बदललेले. मी पोरीस उचलूं कैसी?"

"चूक झाली, काकू."

"चूक कशास? मान आहे! मागून कोणी धरा म्हणजे झालें."

मग आचारी. "मी नवरीला उचलायचं, तर सांबार कोण ढवळणार?" मग खुद्द वरपिता! "सून मीच उचलूं? आमच्यांत ऐसें नाही हो!"

मी यादी तपासली. यादी अगदी बरोबर! तेव्हा प्रोग्राम चालू होताच, त्यातलंच बटण पुन्हा एकदा दाबलं. एकशे बारा जणांना तोच निरोप दुसऱ्यांदा गेला. आता लोकांना तो आग्रह वाटायला लागला.

शेवटी नवरीच मेंदीचे हात वर धरून संगणकासमोर बसली. कॉलेजात ती हेच शिकते.

"मामा, निरोप स्टॅटिक कां केलांत?"

"सगळ्यांचा एके ठिकाणीं सापडावा म्हणोन."

"सापडला की! पेला ज्याचा त्याचा, पण कॉफीचें डिकॉक्शन घरांत एकच. सकाळीं एकदा काढलें, कीं दिवसभर सगळ्यांस तेंच. तुमचा क्लास जागा झाला तो तुमच्या नावाने. निरोप तेव्हां एकदाच भरला. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केल्यावाचून तो बदलत नाही. आणि पाठवायची मेथडही स्टॅटिक! समोर कोण आहे, ती विचारीतच नाही."

"वीस वर्षं मी हेंच काम करतों," मी पुटपुटलो.

"तेंच भय आहे," भाची म्हणाली.

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. "अण्णासही गेला तो निरोप?"

"गेला. दोनदा. थांब, आतांच दुरुस्ती धाडतों."

"धाडून तर पहा!" अक्का अशी ओरडली, की माझा हात बटणावरून आपोआप खाली आला.

लग्नाच्या सकाळी मंडपात मामांची ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात हार. काकू तर चालायच्या काठीसकट तयार. अक्काचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं, डोळे फाटकाकडे लागलेले. हार घालायची वेळ झाली, भटजी हाका मारू लागले, आणि तेवढ्यात अण्णा आला. धोतरावर कंबरेचा पट्टा आवळलेला, हातात मोबाइल. सरळ अक्कासमोर जाऊन उभा राहिला.

"हें तूंच धाडविलेंस?"

स्टॅटिक म्हणजे काय, ते समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तर जान्हवीने माझ्या पायावर जोरात पाय दिला.

"होय," अक्का म्हणाली. "दोनदा."

अण्णाने डोळे पुसले आणि जान्हवीला उचललं. एका बाजूने मी आधार दिला, दुसऱ्या बाजूने आचाऱ्याने. (सांबार जरा लागलं.) अक्का रडत होती, हसत होती, मीही रडलो, लपवत नाही. वीस वर्षांत मी लिहिलेल्या प्रोग्रामांपैकी माणसांच्या खरोखर उपयोगी पडलेला हा एकच, आणि तोही बिघडलेला!