ओव्हाळ बाई आणि शिफ्टचा तक्ता

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेसहाला उठलो. चहा घेतला. आठ वाजता पाणी भरलं. दहाच्या सुमारास ओव्हाळ बाईंच्या गौरवग्रंथाच्या संपादकांचा फोन आला, की तुमचा एकट्याचाच लेख राहिला आहे. अकराला मुलीचा नाशिकहून फोन. जेवायला कालचा भात परतून घेतला. दुपारी लिहायला बसलो. संध्याकाळपर्यंत बाईंना फोनवर एक उत्तर द्यायचं आहे: चाकणजवळच्या निघोजे गावात एका घरी मी भेटीला जाणार की नाही. गेला आठवडाभर ते देणं मी टाळलं आहे.

गौरवलेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. पण डॉ. कुमुद ओव्हाळ यांच्या हाताखाली ज्याने चोवीस वर्षं काढली त्याला दुसरी सुरुवात सुचत नाही. मुलाखतीची त्यांची पद्धत हीच. समोरच्याला 'का' असं विचारायचं नाही. "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं.

माझी त्यांची पहिली भेट याच प्रश्नाने झाली. समाजकार्याची पदवी घेऊन मी बीड जिल्ह्यातून आलो होतो. पत्नी मंदा अजून गावीच होती. चिंचवड स्टेशनजवळ बाईंचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि कालचा दिवस विचारला. मी सांगितला. ऐकून त्या म्हणाल्या, "कदम, काल दिवसभरात तुम्ही कुणाशी एक शब्दही बोलला नाहीत. गप्प राहता येतं म्हणजे तुम्हाला. उद्यापासून या."

बाई देहूरोडच्या. वडील तिथल्या फॅक्टरीत कामगार. मानसशास्त्रात त्यांनी पुढचं शिक्षण घेतलं आणि आयुष्यभर एकच विषय धरला: कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुलं आणि त्यांच्या घरात होणारी मारहाण. त्या काळी मुलांचा अभ्यास करणारे वेगळे आणि बायकांचा करणारे वेगळे असत. बाई म्हणत, घर एकच आहे, फाइली दोन कशाला? 'बालगुन्हेगार' हा शब्द त्यांनी कार्यालयात कधी चालू दिला नाही. एकदा एक हवालदार म्हणाले, "मॅडम, हे पोरगं अट्टल आहे." बाई म्हणाल्या, "असेल. पण काल ते काय जेवलं, तेवढं आधी कळू दे."

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो. बाईंच्या गौरवात ती का, हे पुढे कळेल.

नोकरीचं दुसरं वर्ष. पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला इथे गणेश म्हणतो आणि त्याच्या आईला सुमन. खरी नावं छापायची नाहीत हा बाईंचा नियम आहे. कंपनीच्या मागून तांब्याची तार उचलताना तो सापडला होता. घरभेटीची वेळ विचारली तर म्हणाला, "दुपारी जा सर. पप्पा सेकंड शिफ्टला हायत. आई एकटीच घावंल." तो गुरुवार होता. मी वहीत तसं लिहिलं आणि पुढच्या मंगळवारी तीन वाजता चाकणजवळच्या त्यांच्या चाळीत गेलो.

माझे वडील शिक्षक. त्यांची शाळा उभ्या हयातीत दहा ते पाच. शिफ्ट दर सोमवारी बदलते, हे मला ठाऊकच नव्हतं.

दार वडिलांनी उघडलं. रात्रपाळी करून आलेले, झोपेतून उठलेले.

"कोण पायजे?"

"सुमनताई आहेत का?"

"तू कोण? अन् तिचं नाव कुणी सांगितलं तुला?"

मी सर्व्हे असल्याचं पुटपुटलो. ते हसले. "दुपारी तीनला, नाव घेऊन सर्व्हे. लई भारी कंपनी दिसती तुझी, राव." त्यांच्या मागे ती उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी परत फिरलो. त्या संध्याकाळी त्यांनी तिचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी त्या चाळीतल्या अंगणवाडीच्या ताईंकडून हे कळलं. मी राजीनामा लिहून बाईंपुढे ठेवला. तो वाचून त्या म्हणाल्या, "याने तुम्हाला बरं वाटेल. सुमनला काय?" त्या मला घेऊन दवाखान्यात गेल्या. आत एकट्याच गेल्या. मी बाहेर बाकावर बसलो. दुपारपासून दिवे लागेपर्यंत त्या सुमनच्या खाटेजवळ होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ती बहिणीकडे जाते आहे. मुलाला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. गणेश म्हणाला, "सर, एवढं शिकलात अन् शिफ्ट सोमवारी बदलती हे म्हाईत न्हाई? आमच्या चाळीतलं शेंबडं पोरगं सांगंल." आणि थोड्या वेळाने, "पप्पा नाइटला असले का आमी पोरं दिवसा घरात थांबतच न्हाई. त्यांची झोपमोड झाली का पट्टा निघतो."

हे वाक्य मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "सगळ्या मुलांच्या फाइली काढा. कोण कुठल्या दिवशी पकडला गेला आणि त्या आठवड्यात बापाची शिफ्ट कुठली, ते बघायचं." पुढचे कित्येक महिने आम्ही तेच केलं. एकेका मुलाची पहिली चोरी, पहिली मारामारी बापाच्या रात्रपाळीच्या आठवड्यात येऊन बसायला लागली. दिवसा घर बंद म्हणून रस्त्यावर आलेली ही मुलं. पुढे बाईंचं काम ज्या मांडणीसाठी ओळखलं गेलं, तिची सुरुवात ही अशी आहे.

पुण्यातल्या एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी विनोद केला, "म्हणजे गुन्ह्याला शिफ्ट लावणारं टाइम ऑफिस जबाबदार म्हणायचं!" सभागृह हसलं. बाई म्हणाल्या, "नाही. मारणारा हात जबाबदार. तो हात घरी कधी असतो, एवढंच टाइम ऑफिस सांगतं."

त्यानंतर कार्यालयाच्या भिंतीवर शिफ्टचा तक्ता लागला. तो पाहिल्याशिवाय, आदल्या दिवशी त्या घरच्या बाईचा होकार आल्याशिवाय आणि अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेतल्याशिवाय कोणी घरभेटीला जायचं नाही असं ठरलं. या अभ्यासाच्या अहवालाच्या प्रस्तावनेत बाईंनी त्या मंगळवारची चूक लिहिली. तिच्याखाली माझं नाव टाका, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिफ्ट शिकवली नाही, ती मी. चुकीवर नाव माझं राहील."

सुमनचा हात थोडा वाकडाच राहिला. मी तिची माफी मागायला गेलो तेव्हा ती "बसा" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. गणेश मावशीकडे राहून आयटीआय झाला. आता एका वर्कशॉपमध्ये आहे आणि फक्त जनरल शिफ्ट, म्हणजे दिवसाची पाळी, घेतो.

गेल्या वर्षी मंदा गेली. त्यानंतर मी घरभेटी सोडल्या आणि कार्यालयात फक्त कागद बघू लागलो. कुणाचं दार वाजवून, घरात ताई आहेत का, असं विचारणं मला जमेना. बाई तीन जिने चढून माझ्या घरी आल्या. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कालचा दिवस सांगा." माझा दिवस एका मिनिटात संपला. मग त्या दर सोमवारी येऊ लागल्या. एकदा माझं सांगून झाल्यावर मी विचारलं, "बाई, तुमचा?"

त्या जरा गोंधळल्या. चोवीस वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "उठले. पेपर वाचला. दुपारी पडले. दिवा लावला. काल कुणी आलं नाही."

गेल्या सोमवारी त्यांनी निघोज्याच्या घराचं सांगितलं. तिथली बाई बोलायला तयार आहे, मुलगा निरीक्षणगृहात आहे. "माझे गुडघे आता चाळीचे जिने चढू देत नाहीत. तुमचे तीन चढले तेच पुष्कळ. तुम्ही जाल का, कदम?"

मी म्हणालो, "बाई, माझ्याकडून पुन्हा काही झालं तर?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण कोणीच गेलं नाही तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त पुष्कळ जण त्यांच्या विद्वत्तेबद्दल लिहितील. मला त्यातलं थोडंच कळतं. त्यांचे गुडघे बरे राहोत, नजर अशीच राहो, त्यांच्या घरी रोज कोणीतरी येवो आणि अशी वर्षं खूप असोत, एवढं मी मनापासून मागतो.

लिहून झालं तेव्हा सहा वाजले होते. बाईंना फोन केला आणि जातो म्हणून कळवलं. त्यांनी त्या घरी निरोप कधी पाठवायचा ते विचारलं, मी उद्या म्हणालो आणि त्यांनी फोन ठेवला. निघोज्याला जायचं तर परवा डबा लागेल. डबा शोधून घासून ठेवला आणि मूठभर मटकी निवडून भिजत घातली.