परिणाम ऑप्शनला

"बाई, धडा शिकवायचा हुता. राबवायचा न्हवता," हेडसर म्हणाले आणि मला ऑफिसच्या खिडकीपाशी घेऊन गेले.

चौकात टँकर उभा होता. त्यात नवल नव्हतं, तो दर तिसऱ्या दिवशी यायचाच. पण एरवी तो आधी अध्यक्षांच्या दारातल्या हौदावर जायचा, तिथून मठात, आणि उरलं तर चौकात. आज तो चौकातच अडवलेला होता. अर्ध्या गावाच्या घागरी एका ओळीत लागल्या होत्या आणि ओळीच्या तोंडाशी माझा नववीचा वर्ग उभा होता.

"त्या सुगंधाला इचारलं मी, कुणी सांगितलं हे करायला? तर म्हणती, कारणं चार हायत. राजकीय, सामाजिक, आर्थिक अन् तात्कालिक. समदी घडाघडा म्हणून दाखवली."

चारही कारणं मीच पाठ करून घेतली होती.

मी मूळची अर्धापूरची. आमच्याकडं केळीच्या बागा आणि पाटाचं पाणी, म्हणून उदगीरकडच्या या कोरड्या गावात मला 'केळीवाल्या बाई' म्हणत. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच चालू होता. शाळा खाजगी संस्थेची आणि मी प्रोबेशनवर. म्हणजे दोन वर्षं काम बघतात, पटलं तर कायम करतात, नाही तर नमस्कार. कायम करायच्या प्रस्तावावर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागते. माझी दोन वर्षं भरायला महिना राहिला होता. वडिलांनी बजावलं होतं, कायम झालीस तर नोकरी कर, नाही तर परत ये, स्थळं बघू. मला परत जायचं नव्हतं. मला शिकवायला फार आवडायचं, आणि ती एक सही मिळेल की नाही या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे मन्मथअप्पा. तेच ते, ज्यांचा हौद आज कोरडा राहिला.

झालं होतं असं. नववीला फ्रान्सची राज्यक्रांती होती. राजा चैनीत, सरदार आणि धर्मगुरूंना कर माफ, सगळा बोजा सामान्यांवर. पोरं जांभया देऊन राहिली होती. म्हणून मी विचारलं, "आपल्याकडं टँकर आला की आधी कुणाचं भरतं?"

सुगंधा उठली. घरचं पाणी तीच भरायची, त्यामुळं तिला सगळा हिशेब तोंडपाठ. "आधी अप्पांचं. मंग मठाचं. मंग उरलं तर आमचं."

"आणि टँकर ज्या रस्त्यानं येतो, तो कुणी केला?"

"आमच्या मायनं. रोजगार हमीवर."

"हेच फ्रान्समध्ये होतं," मी म्हणाले. वर्गाला एकदम समजलं. मला केवढा आनंद झाला. आपण काय भारी शिकवतो, असं वाटून मी घरी जाऊन शिरा करून खाल्ला. गावातलं तात्कालिक कारण मात्र मी दिलं नव्हतं, ते पोरींनी स्वतः शोधलं. अप्पांच्या नव्या ओसरीचा स्लॅब टाकला होता आणि त्याच्यावर टँकरचं पाणी मारणं चालू होतं.

आता एक कबुली. मी फक्त कारणं शिकवली होती. परिणाम ऑप्शनला टाकले होते. शिक्षकी भाषेत याचा अर्थ असा की पेपरात 'पाचापैकी कोणतेही तीन सोडवा' असतं, तेव्हा दोन प्रश्न न शिकवताही भागतं. कारणं हमखास येतात, परिणाम लांबलचक असतात. मी स्वतः ते ऑप्शनला टाकूनच बी.ए. झाले होते.

पहिल्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन घागरी मिळाल्या. बाया मला रस्त्यात थांबवून हसून बोलल्या. पुढच्या खेपेला मात्र बिनसलं. ओळीत पहिल्या घागरी सुगंधाच्या गल्लीच्या. वरची गल्ली म्हणाली, अप्पा गेले अन् ह्या आल्या. पाइपाची ओढाओढ झाली आणि अर्धा टँकर जमिनीवर सांडला. एकट्या राहणाऱ्या गंगाबाई रिकामी कळशी घेऊन परत गेल्या. ड्रायव्हर रहीमचाचा म्हणाला, "पानी किसको देना, पयले तय करो. तबतक मैं नै आता."

त्याच दुपारी अप्पांचा निरोप आला. राजीनामा कसा लिहितात ते मनात जुळवतच मी गेले.

अप्पा ओसरीत बसले होते. कपाळाला भस्म, मांडीवर नातवाचं इतिहासाचं पुस्तक.

"बसा, केळीवाल्या बाई. मी निजामाच्या टायमाला उर्दूत शिकलो. राजा कसा मोठा ते पाठ हुतं. राजा जातो कसा, ते कुणी शिकवलं न्हाई. त्या फ्रान्सच्या राजाचं काय झालं मंग?"

"मारलं त्याला."

"कसं?"

मी सांगितलं. अप्पांचा हात मानेवरच्या उपरण्याकडं गेला.

"बरं. मंग लोकायला पोटभर भाकर मिळाली का?"

थाप मारता आली असती, पण सुचलीच नाही. "अप्पा, मला माहीत नाही. परिणाम मी ऑप्शनला टाकले होते."

ऑप्शन म्हणजे काय ते मी समजावलं. अप्पा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला आणि पाण्याचा तांब्या मागवावा लागला. तोही अर्धाच होता.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच गावाचं असं होऊन राहिलं. सोमवारी परिणाम शिकवा. मी येऊन बसतो. सहीचं मंग बघू."

दोन दिवस मी उदगीरच्या वाचनालयात बसून आयुष्यात पहिल्यांदा परिणाम वाचले.

सोमवारी अप्पा शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरपे बसले. मी घाबरतच सांगितलं. राजा गेला, पण पुढं क्रांती करणारेच एकमेकांच्या जिवावर उठले. भाकर महागच राहिली. शेवटी एक सेनापती आला आणि सम्राट होऊन बसला. मग सगळं वाया गेलं का? नाही. कायदा सगळ्यांना सारखा, हे लिहून ठेवलं गेलं, आणि ते पुढं कुणाला साफ पुसता आलं नाही.

सुगंधा खाली मान घालून ऐकत होती. मग उठली. "बाई, आमच्या गल्लीच्या घागरी म्या पयल्या लावल्या. चुकलं." जरा थांबून म्हणाली, "रांग लिहून ठेवावी लागंल."

त्याच तासाला चिठ्ठ्या केल्या. घराला एक चिठ्ठी, मठाचीही एकच. वर्गातल्या डब्यातून नंबर काढले आणि यादी शाळेच्या भिंतीवर लावली. गंगाबाईंचा चौथा आला. अप्पांचा सत्तावन्नावा.

अप्पांनी यादी दोनदा वाचली. "ठीक हाय," ते म्हणाले. "माझा नंबर आला की तुमची सही."

आता घराला दोन घागरींऐवजी पिंपभर पाणी, त्यामुळं टँकरच्या एका खेपेत पंधरा घरं व्हायची. मी रोज भिंतीपाशी उभी राहून मोजायचे. हेडसर चिडवायचे, "बाई, आता तुमच्याइतकी अप्पांच्या पाण्याची काळजी अप्पांलाबी न्हाई." चौथ्या खेपेला अप्पा स्वतः घागर घेऊन ओळीत उभे राहिले. पाणी घरी पोचवून शाळेत आले, ओल्या हातानंच सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

"झालात कायम," अप्पा म्हणाले. "आता म्होरला धडा कंचा?"

"रशियाची राज्यक्रांती."

अप्पांनी पेनाला टोपण लावलं, यादीकडं एकदा बघितलं. "त्यो पाऊस पडल्यावर घ्या."