वजाबाकीतून आलेला आकडा

तो तपास मी घरात नेहमी हसत हसत सांगायला घेतो. शेवटपर्यंत हसू टिकल्याचं मात्र आठवत नाही.

वाराणसीबाहेरच्या एका पोल्ट्रीत महिन्याभरात निम्म्या कोंबड्या मेल्या. जनावरांच्या डॉक्टरला रोग सापडला नाही. खबऱ्याने खबर आणली की राखणदाराचं मालकाशी वाजलंय, त्यानेच दाण्यात विष कालवलं. मी त्याला उचललं. गुन्हा जामीनपात्र, पण जामीनदार कोण मिळणार? जातमुचलक्यावर सोडणं माझ्या हातात होतं. वडील अगदी अखेरीला आलेत, मी एकटाच मुलगा, असं त्याने चारदा सांगितलं. असले आजारी वडील नोकरीत रोजच ऐकलेले. मी सोडलं नाही.

चौकशीत तो एकाच वाक्याला धरून बसला. ‘साहब, भरपेट खाती थीं, फिर भी सूखती गईं.’ केस डायरीत मी लिहिलं: आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. विष नाही, खाद्यात कर्बोदकं भरपूर. म्हणजे खाद्य उत्तम आणि विष उडून गेलं, असं मी ठरवलं. रसायनशास्त्रात काठावर पास झालेला माणूस दुसरं काय ठरवणार?

माझी मेहुणी विद्यापीठात पशुखाद्य शिकवते. दुर्गाघाटावर तिच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ऐटीत अहवाल दाखवला. ती म्हणाली, ‘भावजी, हा आकडा कुणी मोजलेलाच नाही. शंभरातून पाणी, प्रथिनं, चरबी, तंतू, राख वजा केली आणि उरलं त्याला कर्बोदक म्हटलं. तंतू मोजताना निसटलेला चोथाही त्यातच.’

‘मग कोंबडीला मिळतं काय?’

‘ते स्टार्च आणि साखर वेगळी मोजल्यावर कळेल.’

रीतसर नमुना पाठवला. पचण्याजोगं फारच थोडं निघालं. खाद्यवाल्याने मक्याऐवजी दाणे काढलेली कणसं दळून भरली होती. कोंबड्या पोटभर खाऊन उपाशी मेल्या होत्या.

सुटकेचा कागद घेऊन मी स्वतः तुरुंगात गेलो. त्याचे वडील आदल्या दिवशी गेले होते. मणिकर्णिकेवर चुलतभावाने अग्नी दिला. अहवालाची सगळी हकीकत सांगून मी माफी मागितली. तो शांतपणे म्हणाला, ‘आपने तो रिपोर्ट का काग़ज़ देखा था, साहब.’

खाद्यवाला पकडल्याबद्दल मला शाबासकी मिळाली. पण मीही त्या अहवालासारखी वजाबाकीच केली होती. रोग नाही, खाद्य नाही, मालक नाही. उरला तो राखणदार, म्हणून तो आरोपी. हे मला कळलं, तेव्हा त्याला त्याचा काही उपयोग उरला नव्हता.